आगर आणि आगार

पालघर किंवा बोईसर येथें एस. टी. च्या गाड्या जेथें मुक्कामास राहतात, त्या जागेस ‘आगार’ म्हणतात. तेथून पश्चिमेस समुद्राच्या रोखानें गेलें म्हणजे त्याच्याशीं अगदीं मिळताजुळता असा दुसरा एक शब्द भेटतो. तो शब्द ‘आगर’. सफाळ्याजवळच्या आगरवाडीच्या नांवांत तो आहे, मिठागरांत तो आहे, आणि उत्तर कोंकणांतील आगरी या ज्ञातीच्या नांवांतहि तोच आहे. दोहोंमध्यें भेद काय तो एका कान्याचा. त्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. ‘मिठागर’ असें लिहावयाचें तेथें ‘मिठागार’ असें लिहिलेलें पुष्कळदां दिसतें, आणि वाचणाऱ्याला त्यांत वावगें कांहीं वाटत नाहीं. परंतु हे दोन शब्द एका घरचे नव्हेत. त्यांचीं कुळें वेगळीं, अर्थ वेगळे, आणि त्यांच्या पाठीशीं उभा असलेला संसारहि वेगळा. एक शब्द वस्तु ठेवण्याच्या जागेचा आहे, दुसरा वस्तु उत्पन्न होण्याच्या जागेचा. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या शब्दाचा वृत्तांत सांगावयाचा आहे. कारण ज्यांनीं हा किनारा कसला, खणला आणि बांधला, त्यांची आठवण बखरींपेक्षां व ताम्रपटांपेक्षां या एका शब्दानेंच अधिक राखली आहे.

प्रथम ‘आगारा’चा निकाल लावूं. हा शुद्ध संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ घर. कारागार, शस्त्रागार, धनागार, ग्रंथागार हे सर्व त्याचेच समास होत. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्यामधें एस. टी. ची पहिली गाडी धांवली. पुढें मराठी राज्यकारभाराची परिभाषा तयार होतांना गाड्यांच्या घराला ‘आगार’ हें नांव मिळालें. तें योग्यच आहे. आगारांत गाड्या उभ्या राहतात, निघतात, परत येतात; तेथें त्या जन्माला येत नाहींत. धनागारांत धन ठेवतात, मिळवीत नाहींत. ठेवणें आणि राखणें एवढाच आगाराचा धर्म.

‘आगर’ या शब्दाचें मूळ संस्कृत ‘आकर’ हें आहे. मकराचा जसा मगर झाला, प्रकटचें जसें प्रगट झालें, तसेंच आकराचें आगर झालें. दोन स्वरांच्या मधला ‘क’ मऊ होऊन त्याचा ‘ग’ होणें ही प्राकृतांतील नेहमींची रीत आहे. जैन आगमांमध्यें वस्तीच्या प्रकारांची जी ठराविक नामावळि वारंवार येते, तींत गांव आणि नगर यांच्या मधोमध ‘आगर’ हा शब्द बसलेला आहे, आणि तेथें त्याचा अर्थ खाण, किंवा खाणीभोंवतीं वसलेलें गांव, असा आहे. ‘आकर’ या शब्दाच्या पोटांत विखुरणें, पसरणें या अर्थाचा ‘कॄ’ धातु आहे. जेथें एखादी वस्तु विपुल पसरलेली असते व खणून, वेंचून, गोळा करून घ्यावी लागते, तें स्थान म्हणजे आकर. समुद्राला रत्नाकर म्हणतात तें याच अर्थानें. गुणाकर, करुणाकर हीं नांवेंहि याच घरचीं. म्हणजे कविसंप्रदायांतला रत्नाकर आणि किनाऱ्यावरचें मिठागर हे मूळचे सोयरे आहेत. फरक इतकाच कीं, रत्नाकरांतून रत्नें निघाल्याची कथा पुराणांत वाचावयाची, आणि आगरांतून मीठ निघतांना डोळ्यांनीं पाहावयाचें.

परंतु खाणीला लावावयाचा शब्द मिठाच्या वाफ्यांना कसा लागला? मीठ कांहीं आपल्या किनाऱ्यावर दगडासारखें खणून काढीत नाहींत. या शंकेचें समाधान कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मिळतें. हा ग्रंथ शतकानुशतकें अज्ञात होता. शामशास्त्री यांच्या हातीं त्याची पोथी आली व १९०९ सालीं तो छापून प्रसिद्ध झाला. त्यांत राजाच्या उत्पन्नाच्या बाबी सांगतांना सोनें, रुपें, हिरे, मोतीं, पोंवळीं, लोखंड यांच्या पंक्तींत लवण बसविलें आहे, आणि या सर्वांना मिळून ‘खनि’ असें एकच नांव दिलें आहे. आकरांच्या कामकाजाचें जें प्रकरण आहे, त्यांतच मिठाच्या अध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. राज्यशास्त्राच्या दृष्टीनें मीठ हें खाणींतलेंच द्रव्य होतें. मग तें डोंगरांतून निघो कीं समुद्रांतून. त्याच प्रकरणांत एक लहानशी सवलतहि आहे. श्रोत्रिय, तपस्वी आणि वेठीचे मजूर यांनीं जेवणापुरतें मीठ नेलें तर त्याला अटकाव नाहीं. विद्या, तप आणि वेठ या तिघांना मिठाच्या एका चिमटीपुरतें तरी शास्त्रकारानें एका ओळींत बसविलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिचें काम पडेल.

शास्त्रांतून व्यवहारांत उतरावयाचें तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावें. गौतमीपुत्र सातकर्णीनें भिक्षूंना जमीन दिली त्या लेखांत त्या जमिनीला ज्या सुटी दिल्या आहेत, त्यांत ‘अलोणखादक’ असा एक शब्द आहे. सरकारी माणसांनीं तेथें मिठासाठीं खणूं नये, असा त्याचा अर्थ. विदर्भांतल्या वाकाटकांच्या ताम्रपटांतहि अशाच सवलती आढळतात. ज्या अर्थीं सूट द्यावी लागे, त्या अर्थीं एरव्हीं मीठ खणण्याचा हक्क राजाकडे असे. मीठ आणि खणणें यांची सांगड महाराष्ट्रांत निदान अठराशें वर्षांची जुनी आहे, आणि ‘आगर’ हा शब्द त्या सांगडीचाच वारस आहे.

आतां मीठ कसें होतें तें पाहावें. शंभर शेर समुद्राच्या पाण्यांत सुमारें साडेतीन शेर क्षार असतात, व त्यांपैकीं तीन-चतुर्थांशाहून थोडें अधिक खाण्याचें मीठ असतें. उधाणाच्या भरतीचें पाणी बांधाच्या आंत एका मोठ्या तळ्यांत घ्यावयाचें. तेथें गाळ खालीं बसतो. मग तें पाणी एकामागून एक अशा उथळ वाफ्यांतून फिरवीत न्यावयाचें. ऊन आणि वारा त्याला आटवीत जातात. आधीं चुन्याचे क्षार व जिप्सम हीं खालीं बसतात. पाणी पुरेसें दाट झालें म्हणजे तें शेवटच्या वाफ्यांत सोडतात, आणि तेथें मिठाचे खडे धरूं लागतात. सर्वच पाणी आटूं देणें मात्र उपयोगाचें नाहीं. कारण मागें मॅग्नेशियमचे कडू क्षार उरतात, ते मिठांत उतरले तर मीठ कडवट होतें व हवेंतला ओलावा धरून पाझरूं लागतें. तेव्हां कोणत्या घटकेला पाणी सोडावें व कोणत्या घटकेला मीठ ओढावें, हें नजरेनें ओळखावें लागतें. वाफ्यांची जमीन दरसाल पावसाळ्यानंतर पायांनीं तुडवून, चोपून घट्ट करावी लागते; ती भेगाळली तर पाणी मुरून जावयाचें. हिंवाळ्यांत सुरू झालेलें हें काम पहिल्या पावसाबरोबर थांबतें. अवेळीं एक सर आली तरी पंधरा दिवसांची मेहनत पुन्हां पाण्यांत जाते. समुद्र फुकट, ऊन फुकट, वारा फुकट. तरीहि मीठ फुकट होत नाहीं, तें या कारणामुळें.

आगराचा दुसरा अर्थ याहून अगदीं निराळा दिसतो. दक्षिण कोंकणांत आगर म्हणजे नारळी-पोफळींची बाग. अलिबागच्या किनाऱ्यावरील आठ गांवांच्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात तें त्यांच्या बागाइतीमुळें. गुहागर, दिवेआगर या नांवांतहि तोच शब्द आहे, दिवेआगर हें तर शके ९८२ (इ. स. १०६०) च्या जुन्या मराठी ताम्रपटामुळें भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित झालें आहे. पालघरच्या बाजूस बागेला मुख्यतः ‘वाडी’ हा शब्द चालतो. केळवें-माहीमची पानवेलींची वाडी, डहाणू-घोलवडची चिकूची वाडी. आणि वाड्या करणारे ते वाडवळ. म्हणून एकाच किनाऱ्यावर उत्तरेकडे आगर म्हटलें कीं पांढरी रास डोळ्यांपुढें येते, व दक्षिणेकडे आगर म्हटलें कीं हिरवी सावली. जेथें रोपटें जगत नाहीं अशी खारी जमीन, आणि जेथें वीतभरहि जागा रिकामी नसते अशी बाग, या दोहोंना एक नांव कसें मिळालें?

माझें उत्तर असें कीं, लोकांनीं नांव दिलें तें वस्तूला नव्हे, कामाला. दोन्हीं ठिकाणीं जमीन आयती मिळालेली नाहीं. ती केलेली आहे. मिठागरांत बांध घालून खारें पाणी आंत घेतात. बागेंत बांध घालून तें बाहेर ठेवतात. दोहोंकडे वाफे पाडावे लागतात, पाट काढावे लागतात, माती वाहून आणावी लागते, आणि दरसाल डागडुजी करावी लागते. या दोहोंच्या मधली तिसरी जमीन म्हणजे खाजणांतलें भातशेत. खाडीला बांध घालावयाचा, उघाडीच्या झडपेनें ओहोटीला पाणी बाहेर सोडावयाचें व भरतीला अडवावयाचें, आणि कांहीं पावसाळे जमीन धुवूं द्यावयाची. मग तेथें ‘राता’सारखें खारें सोसणारें भात येतें. बांध फुटला कीं सगळें पुन्हां खाडीचें. हें काम एकट्यादुकट्याचें नसल्यामुळें बांध राखण्याची जबाबदारी गांवानें मिळून घ्यावी लागे, आणि पुढें सरकारनें घ्यावी म्हणून १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत खारजमिनींचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मीठ, भात आणि नारळ हीं एकाच कष्टाचीं तीन रूपें आहेत. त्या कष्टाच्या जागेला आपल्या लोकांनीं खाणीचा शब्द लावला. ‘खणल्यावांचून जेथें मिळत नाहीं आणि खणल्यावर जेथें उणें पडत नाहीं’ ही आगराची व्याख्या मिठाला लागते, तशीच माडालाहि लागते.

या बागांचें वय थोडें नाहीं. नहपानाचा जांवई उषवदात यानें नाशिकच्या लेण्यांत आपल्या दानांची जी यादी कोरून ठेविली, तींत नानंगोल गांवचीं बत्तीस हजार नारळाचीं झाडें दान दिल्याचा उल्लेख आहे. नानंगोल म्हणजे उंबरगांवजवळचें नारगोळ, असें विद्वान् मानतात. तें डहाणूच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर आहे. त्याच लेखांत ज्या नद्यांवर त्यानें फुकट तरी चालविल्या, त्यांत दमणा आणि डाहणुका, म्हणजे दमणची व डहाणूची नदी, हीं नांवें आहेत. पुढें सातआठशें वर्षांनीं याच टापूंत पुन्हां तसाच दाता दिसतो. १९५५ सालीं तारापूरच्या खाडीपलीकडील चिंचणी गांवीं कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांतील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या पटावरून राष्ट्रकूट सम्राट् तिसरा इंद्र याच्या वतीनें संजाण प्रांताचा कारभार मधुमति उर्फ सुगतिप नांवाचा एक अरब अधिकारी पाहत होता, असें कळतें. मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप. यानेंहि दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेविल्या, आणि साळीचा भात, कालवण व तूप मिळेल असें अन्नसत्र घातलें.

हीं दानें मोठीं आहेत, आणि दाता कोणत्या धर्माचा होता हें न पाहतां तीं सांगितलीं पाहिजेत. परंतु इतिहास वाचणाऱ्यानें एक प्रश्न विचारावा. अन्नसत्रांतला भात कोणत्या खाजणांत पिकला? बत्तीस हजार माड लावले कोणीं, शिंपले कोणीं? दानपत्रांत देणाऱ्याचें नांव येतें, घेणाऱ्याचें येतें, साक्षीदारांचेंहि येतें. बांध घालणाऱ्याचें नांव येत नाहीं. या भागांतील कुळांच्या वसाहतींची हकीगत सांगणारी महिकावतीची बखर राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां उत्तर कोंकणच्या समाजाचें चित्र पुष्कळ उजळलें. तरी तींतहि राजे, वृत्ति आणि कुळें यांचाच बोलबाला अधिक. ज्यांना लेख कोरतां येत नव्हता, त्यांनीं आपला लेख शब्दांत ठेविला. तो शब्द म्हणजे ‘आगरी’. आगरांत राबणारा तो आगरी. त्यांतहि मिठाचें काम करणाऱ्यास मीठ-आगरी असें वेगळें म्हणत. गुजरातेंत कच्छच्या लहान रणांत मीठ पिकविणाऱ्यांना अगरिया म्हणतात. तो शब्दहि याच मुळाचा. (मध्य हिंदुस्थानांत अगरिया नांवाची लोखंड गाळणारी एक जमात आहे, तिच्यावर व्हेरिअर एल्विन यांचा ग्रंथ १९४२ सालीं निघाला. तिच्या नांवाचा संबंध आगीशीं जोडला जातो. तेव्हां केवळ ध्वनीच्या सारखेपणावरून दोघांना एका माळेंत ओवूं नये.)

जी वस्तु सर्वांना हवी आणि जी मोजक्याच जागीं होते, तिच्यावर राज्यकर्त्यांची नजर असावयाचीच. बारदेशांतलें पोर्तुगीज मुलखाचें स्वस्त मीठ कुडाळप्रांतीं येऊन आपल्या संगमेश्वरच्या मिठाचा व्यापार बसेल, हें ओळखून शिवाजी महाराजांनीं १६७१ सालीं कुडाळच्या सुभेदारास परक्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. स्वदेशी धंद्याच्या संरक्षणाचें इतकें स्वच्छ उदाहरण त्या काळांत क्वचित् सांपडेल. वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा त्या वेळीं पोर्तुगीजांकडे होता. १५३४ च्या तहानें त्यांना वसई प्रांत मिळाला, आणि १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत तारापूर व नंतर वसई पडेपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. तारापूर, केळवें-माहीम, डहाणू येथील किल्ले त्या सत्तेच्या खुणा होत. पुढें इंग्रजी अमलांत परवान्यावांचून मीठ करणें हा गुन्हा ठरला. किनाऱ्याच्या खळग्यांत आपोआप सुकलेलें मीठ वेंचणेंहि त्यांत आलें. १९३० च्या मे महिन्यांत याच किनाऱ्यावर, दमणच्या उत्तरेस, धारासणा येथील सरकारी मिठाच्या आगरावर सत्याग्रही चालून गेले व लाठ्यांखालीं निःशस्त्र उभे राहिले, तेव्हां जगाला या वस्तूची खरी किंमत कळली. मिठावरील कर १९४७ सालीं उठला. कौटिल्यानें वेठीच्या मजुराला ठेविलेली चिमूटभर सवलत सर्वांना मिळावयास एवढा काळ लागला.

परदेशांतहि या धंद्याच्या शब्दांची कथा अशीच आहे, आणि ती ताडून पाहण्याजोगी आहे. इंग्लंडांत खाऱ्या झऱ्यांच्या गांवांचीं नांवें ‘विच्’ या प्रत्ययानें संपतात: ड्रॉइट्‌विच्, नँट्‌विच्, नॉर्थ्‌विच्. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता वस्ती असा होता; पण त्या वस्त्यांत मीठ होई, म्हणून ‘विच्’ म्हणजेच मिठाचें ठिकाण, अशी समजूत लोकांत रूढ झाली. तेथें कामानें शब्दाला अर्थ दिला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर प्रेस्टनपॅन्स नांवाचें गांव आहे. त्यांतला ‘पॅन’ म्हणजे मिठाची कढई. त्या देशांत ऊन पुरेसें नसल्यामुळें समुद्राचें पाणी लोखंडी कढयांत कोळशावर आटवीत. म्हणून तेथें कोळशाची खाण आणि मिठाची कढई यांचा संसार एकत्र चाले. आपल्याकडे जो संबंध अर्थशास्त्राच्या एका प्रकरणांत दिसतो, तो तेथें प्रत्यक्ष धुरांत दिसे. आणि तो केवळ धुरापुरता नव्हता. १६०६ सालीं स्कॉटिश पार्लमेंटानें कायदा करून कोळसेवाले व मीठवाले या दोघांनाहि मालकाच्या कामाशीं जन्मभर बांधून टाकलें. परवानगीवांचून दुसरीकडे काम धरणारा मजूर मालकानें परत ओढून आणावा, अशी सोय झाली. १७७५ व १७९९ च्या कायद्यांनीं ही बेडी तुटली. ज्या देशांत स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिले जात होते, त्याच देशांत ताटांतलें मीठ बांधलेल्या हातांनीं होत होतें.

या परकीय उदाहरणानें आपण समाधान मानण्याचें कारण नाहीं. ‘वेठ’ हा आपला मराठी शब्द संस्कृत ‘विष्टि’ पासून आलेला आहे. कौटिल्यानें ज्यांना जेवणापुरतें मीठ दिलें ते हेच विष्टि. डहाणू व उंबरगांव तालुक्यांच्या जंगलपट्टींत हा शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत होता. तेथील वारली कुळांना सावकार-जमीनदारांची वेठ करावी लागे. लग्नासाठीं काढलेल्या थोड्या कर्जापायीं नवराबायकोला धन्याकडे ‘लग्नगडी’ म्हणून राबावें लागे. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साह्यानें वारल्यांनीं जें बंड केलें, त्यानंतर ही पद्धति मोडली. किनाऱ्यावरच्या ‘आगर’ या शब्दाबरोबर डोंगराकडचा ‘वेठ’ हा शब्दहि वाचावा लागतो. एकानें कष्टाची जागा सांगितली, दुसऱ्यानें कष्टाची अट सांगितली.

आतां वाङ्मयाकडे वळावें. संतांनीं देवाला सुखाचें आगर म्हटलें, पंडितांनीं गुणवंताला विद्येचें आगर म्हटलें, आणि आपण सर्व सभ्य लोक हा शब्द आजहि त्याच लाक्षणिक अर्थानें वापरतों. लक्षणा वाईट नाहीं; ती शब्दाला दीर्घायुष्य देते. परंतु वापरतां वापरतां आपल्या मनांत आगराचा अर्थ ‘सांठा’ असा होऊन बसला आहे. विद्येचें आगर म्हणजे पुष्कळ विद्या भरून ठेवलेला मनुष्य, अशी आपली कल्पना. मूळ अर्थ असा नाहीं. ज्याच्यापासून विद्या निघत राहते, ज्यानें मन नांगरून, बांध घालून, उन्हांत तापून तें पीक काढलें, तो विद्येचें आगर. भरलेला असेल तो विद्येचा आगार! लेखणीच्या एका चुकीनें जो कान्हा मिठागरांत शिरतो, तो आपल्या विचारांत त्याच्या फार आधीं शिरला आहे.

ही चूक केवळ व्याकरणाची असती तर तिच्यावर इतके शब्द खर्च करण्याचें कारण नव्हतें. पालघर-बोईसरच्या किनाऱ्याचें रूप गेल्या साठ वर्षांत झपाट्यानें पालटलें. १९६९ सालीं तारापूर येथें देशांतलें पहिलें अणुविद्युत् केंद्र चालू झालें. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीच्या वेळीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठवून दुसरीकडे वसवावीं लागलीं. बोईसरजवळ औद्योगिक वसाहत उभी राहिली, हजारों कुटुंबांना रोजगार मिळाला. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणींत तारापूरचें नांव देशांतील अति प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादींत अगदीं वरच्या बाजूस आलें. २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. चिंचणीच्या उत्तरेस वाढवण येथील मोठ्या बंदराची कोनशिला ऑगस्ट २०२४ मध्यें बसविली गेली. त्याच वर्षीं मुंबईतील अडीचशेंहून अधिक एकर मिठागरांची जमीन घरांसाठीं देण्याचें सरकारनें ठरविलें. वीज नको, कारखाने नकोत, घरें नकोत, असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु अशा प्रसंगीं आगराची व खाजणाची जमीन ‘पडीक’ म्हणून बोलली जाते, तें मात्र खरें नाहीं. भरतीचें व पावसाचें पाणी सामावून घेणारी, मीठ, मासळी व भात देणारी, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांनीं तुडवून घट्ट केलेली ती जमीन आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाण्याला जागा ठेवणें म्हणजे काय, हें मुंबईकरांना कळून चुकलें. जी जमीन आपणांस पडीक दिसते, तिचें नांव तरी आधीं विचारावें. तें आगर असेल तर ती कोणीतरी केलेली आहे.

म्हणून वाचकांस एक विनंति. आपणांपैकीं ज्यांचें मूळ गांव या किनाऱ्यावर आहे, त्यांनीं सुटींत तेथें गेल्यावर घरांतल्या वडील मंडळींकडून बांधांचीं, वाफ्यांचीं, उघाड्यांचीं, खाजणांच्या तुकड्यांचीं नांवें विचारून टिपून ठेवावीं. कोणत्या बांधाला कोणाचें नांव आहे, कोणतें शेत कोणत्या उधाणांत गेलें व कोणीं परत मिळविलें, हें सांगणारीं माणसें दरसाल कमी होत आहेत. सातबाऱ्यावर गट क्रमांक राहील. नांव राहणार नाहीं. बांध वाहून गेला तर पुन्हां घालतां येतो, हें आगरी माणसाला ठाऊक आहे. शब्द वाहून गेला तर तो कोठें होता हेंहि कोणाला सांगतां येत नाहीं.